आजी की आजोबा? यंत्र जुना कागद कसं वाचतं

पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा यांच्यात फरक आहे तो एका रेघेचा. शब्द ‘आवो’, रोमन लिपीत तीन अक्षरांचा, अक्षरं दोन्हीकडे तीच. शेवटच्या ‘ओ’च्या डोक्यावर तिरकी रेघ असली तर आजी, छपरासारखी टोपी असली तर आजोबा. बोलताना तो ‘ओ’ थोडा उघडा किंवा थोडा मिटलेला, एवढंच.

हे मला कळलं ते मावशीच्या पेटीमुळे. चतुर्थीच्या आधी घर झाडायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पेटीतून १९३४ सालचा एक दस्त निघाला. पोर्तुगीज, हातानं लिहिलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या. मावशी म्हणाली, “फोटो काड आनी कितें बरयलां तें सांग मरे. तुमचो फोन सगळें वाचता न्हय?” मी फोटो काढला. फोननं क्षणात मजकूर काढला, वर मराठी भाषांतरही दिलं: विकणाऱ्याला ही जमीन आपल्या आजोबांकडून मिळाली. मावशी ठाम. लहानपणापासून ऐकलंय, ती जमीन आजीकडची. आजीकडची म्हणजे वेगळं घर, वेगळे वारस. तेव्हा कोण बरोबर, मावशी की फोन?

आमच्याकडे घरात बोलायची कोंकणी, वाचायची-लिहायची मराठी आणि पेटीत पडून राहायची पोर्तुगीज. गोव्यातल्या बऱ्याच घरांची गत हीच. म्हणून ‘कागदाचा फोटो काढला की मजकूर मिळतो’ या जादूकडे गोव्यातून पाहिलं तर ती जशी चालते तशीच कुठे फसते हेही लवकर दिसतं. तिचं तांत्रिक नाव ओसीआर. मराठीत अक्षर-ओळख म्हणू.

फोटोत अक्षर नसतंच

आधी एक गैरसमज काढून टाकू. फोटोत ‘क’ नसतो. ए-फोर कागद इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं स्कॅन केला तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात, आणि संगणकाजवळ असतं ते इतकंच: हा ठिपका किती काळा, तो किती काळा. टाइप केलेल्या मजकुरात मात्र ‘क’ला ठरलेला क्रमांक असतो. म्हणून तो शोधता येतो, बदलता येतो, भाषांतराला देता येतो. अक्षर-ओळख म्हणजे ठिपक्यांच्या ढिगातून हे क्रमांक परत मिळवणं.

पहिलं काम शाईचं आणि कागदाचं. कुठला ठिपका शाई आणि कुठला डाग, हे ठरवायचं. याची एक साधी, अजून वापरात असलेली रीत नोबुयुकी ओत्सु या जपानी संशोधकानं १९७९ मध्ये मांडली. पानावरचे सगळे ठिपके उजेडाप्रमाणे मांडले की साधारण दोन ढीग दिसतात, एक कागदाचा, एक शाईचा. ते दोन ढीग एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील अशी रेघ गणितानं शोधायची. नव्या, पांढऱ्याशुभ्र छपाईवर हे झकास चालतं. आमच्या हवेत चार पावसाळे काढलेल्या कागदावर ढीग दोन राहत नाहीत, पाच-सहा होतात. ओलीचे डाग, बुरशी, मागच्या पानाची उमटलेली शाई. त्यातून जुन्या दस्तांची लोहयुक्त शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि कधी कधी कागदच जाळून आरपार जाते. मग यंत्राला भोक आणि टिंब यांतला फरक कळेनासा होतो.

दुसरं काम पान सरळ करायचं आणि ओळी वेगळ्या करायच्या. हे तुलनेनं सोपं. तिसरं काम अक्षराचं, आणि इथे शंभर वर्षांत रीतच पालटली. ऑस्ट्रियाच्या गुस्ताव टाउशेकनं १९२९ मध्ये जर्मनीत पेटंट घेतलेलं वाचनयंत्र साच्यांवर चालायचं. अक्षराच्या आकाराचा साचा धरायचा, प्रकाश अडला तर ते अक्षर तेच. टाइप बदलला की साचे बाद. रे कर्झवेलच्या कंपनीनं १९७० च्या दशकात कुठलाही छापील टाइप वाचू शकणारी पद्धत काढली आणि १९७६ मध्ये अंधांसाठी पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारं यंत्र आणलं. ते साच्याऐवजी लक्षणं बघायचं: या आकारात किती गोल बंद आहेत, किती टोकं सुटी आहेत, उभी रेघ आहे की नाही. आपण पहिलीतल्या मुलाला ‘व’ आणि ‘ब’ शिकवतो तसं. पोटात रेघ असली तर ‘ब’.

आजची पद्धत अक्षर तोडतच नाही. एक पूर्ण ओळ पट्टीसारखी घेते, डावीकडून उजवीकडे आणि उलटही सरकते आणि प्रत्येक जागी ‘इथे काय असण्याची शक्यता किती’ याचे आकडे मांडत जाते. टेसरॅक्ट हे फुकट मिळणारं प्रसिद्ध साधन असंच वाचतं. हे साधन ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत १९८५ च्या सुमारास सुरू झालं, २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, पुढे गूगलनं पोसलं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत या नव्या रीतीवर आलं. त्यात मराठीची वेगळी पेटी आहे, पोर्तुगीजची आहे, दोन्ही एकदम जोडताही येतात.

पण तोडून वाचा की न तोडता, आकारावरून शेवटपर्यंत जाता येत नाही. ‘एक’ हा आकडा, ‘एल’ आणि ‘आय’ ही रोमन अक्षरं कित्येक टाइपांत हुबेहूब एकसारखी दिसतात. मग आपण ती न अडखळता कशी वाचतो? कारण आपल्याला शब्द माहीत असतो. आणि इथे शब्दकोशवाले आत येतात.

शब्दकोशवाल्यानं अक्षरं वाचायचा धंदा का काढला

अक्षर-ओळखीच्या जगात ॲबी नावाची कंपनी जुनीजाणती. तिची सुरुवात अक्षर-ओळखीनं झालीच नाही. १९८९ मध्ये मॉस्कोच्या भौतिकी-तंत्रज्ञान संस्थेत शिकणारा डेव्हिड यांग हा विद्यार्थी फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करत होता आणि छापील शब्दकोशाची पानं उलटून वैतागला होता. शब्दकोश संगणकावर का नसावा, असं त्याला वाटलं. त्यातून कंपनी निघाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, आणि १९९० मध्ये ‘लिंग्वो’ हा संगणकावरचा शब्दकोश आला. १९९३ मध्ये त्याच कंपनीनं ‘फाइनरीडर’ काढला. पान स्कॅनरवर ठेवा, मजकूर घ्या. ॲबी हे नाव १९९७ पासूनचं. पुढे कंपनीचं ठाणं अमेरिकेत गेलं आणि २०२२ मध्ये तिनं रशियातलं काम बंद केलं.

शब्दकोश आणि स्कॅनर हे दोन धंदे एका छपराखाली का, याचं उत्तर वरच्या ‘एक-एल-आय’मध्येच आहे. अक्षर वाचायला शब्द माहीत हवा, आणि शब्द गोळा करायचा तर कागद वाचता आला पाहिजे. फाइनरीडरची रीत कंपनी तीन तत्त्वांत सांगायची. पहिलं, समोरची वस्तू सुट्या ठिपक्यांची नसून एकमेकांशी जोडलेल्या भागांची आहे असं धरायचं. दुसरं, अंदाज बांधायचा आणि तो खरा की खोटा हे मुद्दाम तपासायचं. तिसरं, वाचता वाचता शिकायचं. आपल्याकडे जुनं पत्र हाती पडलं की घरातली म्हातारी माणसं हेच करतात. “हा ‘श्री’ असणार. मग पुढचं नाव पुरुषाचं. मग हे ‘नाईक’ की ‘गाईक’? ‘गाईक’ नसतं कोणी.”

‘नसतं कोणी’ ही या धंद्यातली सगळ्यात मोठी ताकद आहे आणि सगळा घोटाळाही तिच्यातच आहे. यंत्र दिसतं ते वाचत नाही. जे असण्याची शक्यता जास्त ते वाचतं. म्हणजे नेहमीचे शब्द सुखरूप राहतात आणि क्वचित येणारा शब्द, आडनाव, शेताचं नाव, जुनं रूप यांच्यावर घाव बसतो. जुन्या कागदात आपल्याला हवं असतं ते नेमकं तेच.

शिरोरेघ, दर्या आणि दऱ्या

देवनागरीकडे येऊ. रोमन लिपीत छापील अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेघेवर कपड्यांसारखी वाळत टाकलेली. शब्दातली अक्षरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे सुरुवातीच्या संशोधकांपुढे पहिला प्रश्न हाच: कापायचं कुठे? आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा यांनी १९७० च्या दशकातच देवनागरी वाचनावर काम सुरू केलं होतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. बी. चौधुरी आणि यू. पाल यांनी १९९७ मध्ये बांगला आणि देवनागरी दोन्ही वाचणारी पद्धत मांडली. तिच्यातली युक्ती सुंदर आहे. शिरोरेघ हा अडथळा खरा, पण ओळीतला सगळ्यात काळा आडवा पट्टा म्हणजे तीच, म्हणून ती सापडतेही सहज. ती शोधा, पुसून टाका, खाली अक्षरं सुटी होतात आणि वर मात्रा-वेलांट्या वेगळ्या राहतात.

त्यानंतरची गर्दी मोठी. बाराखडी, जोडाक्षरं, वरचे अनुस्वार, खालचे उकार. काही जोड्या तर कायमच्या दुष्मन: घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, थ आणि य. ‘ख’ फुटला की ‘र’ आणि ‘व’. समजा ‘मडयाव’ असं वाचलं गेलं, तर शब्दकोश ‘मडगाव’ करून टाकेल. पण ‘धर’चं ‘घर’ झालं, ‘पाय’चा ‘पाप’ झाला, तर शब्दकोश काय करणार? दोन्ही शब्द खरे. अशी चूक तपासनिसाच्या नजरेतूनही निसटते. मी स्वतः एका स्मरणिकेची मुद्रितं तपासताना ‘देवाचे पाप धुतले’ हे वाक्य दोनदा वाचून पुढे गेलो होतो.

मराठीची स्वतःची खोड म्हणजे अर्धा ‘र’. आम्हां गोवेकरांना एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या दऱ्या. ऐकायला, लिहायला, दोन्ही वेगळे. पण ही रीत हिंदीत नाही, आणि देवनागरी यंत्रांना शिकवताना हिंदीचाच मजकूर जास्त वापरला गेला. अशा यंत्रापुढे मराठी पान ठेवलं की दऱ्यांचा दर्या होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ बघून ते बिचारं गोंधळतं. भरीस भर म्हणजे संगणकात हा अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधताना मात्र एक दिला तर दुसरा सापडत नाही. ‘आहे हो त्या फाइलीत, मी डोळ्यांनी बघितलंय’ असं म्हणत शोधपेटीशी भांडणारे मी पाहिले आहेत. त्यांचं बरोबर असतं.

आणखी एक गंमत. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी. तिच्यात देवनागरीच्या मुख्य गटासाठी १२८ जागा राखलेल्या आहेत आणि प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच. पण युनिकोड रुळायच्या आधीची डीटीपीची कामं त्या-त्या फाँटच्या खासगी संकेतात आहेत. तिथे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. पंचवीस वर्षांपूर्वीची देवळाच्या शताब्दीची स्मरणिका उघडा, फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. म्हणजे संगणकावरच टाइप केलेलं पुस्तक आज कागदावर छापून, पुन्हा स्कॅन करून, अक्षर-ओळखीला द्यायची वेळ येते. फाँटचा संकेत माहीत असेल तर रूपांतर करणारी साधनं मिळतात. नसेल तर हा द्राविडी प्राणायाम.

यंत्राला वाटतं ही कोंकणी

आता भाषेची साधनं. मजकूर हाती आला की आधी ठरवायचं, भाषा कोणती. हे काम यंत्र शब्दांच्या आणि अक्षरगटांच्या वारंवारतेवरून करतं: ‘आहे’, ‘आणि’ खूप आले तर मराठी; ‘आसा’, ‘आनी’ आले तर कोंकणी. सोपं वाटतं. पण १९३५ च्या सुमाराचं गोव्यात छापलेलं मराठी मासिक समोर ठेवा. ‘घरांत कोणी नाहीं, सारे देवळांत गेले.’ तेव्हाचे हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीतून गेले. कोंकणी मात्र आजही ‘घरांत’, ‘देवळांत’ असंच लिहिते. मग आजच्या मराठीवर वाढलेलं यंत्र एकतर आजोबांच्या मराठीला कोंकणी म्हणतं, किंवा सगळे अनुस्वार चुका समजून पुसून टाकतं. शुद्धलेखन तपासणारं साधन लावून ठेवलं तर ते मराठी लेखातल्या कोंकणी म्हणीसुद्धा ‘दुरुस्त’ करतं. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही मुभा मिळाली. यंत्राला या शेजाराची काही कल्पना नसते.

पोर्तुगीजचं दुखणं याच जातीचं. पोर्तुगालमध्ये १९११ साली मोठी लेखनसुधारणा झाली. तोवर औषधालय ‘पी-एच’नं लिहीत, नंतर ‘एफ’नं. म्हणजे एकाच पेटीतले आजोबांचे कागद आणि पणजोबांचे कागद दोन वेगळ्या वळणांचे. आजच्या पोर्तुगीजवर शिकलेलं यंत्र पणजोबांची दुरुस्ती करत सुटतं.

लिपीवरून भाषा ओळखायची सोयही गोव्यानं ठेवलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, आणि भाषा मराठी. कोंकणी तर देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि अरबी वळणाच्या अशा पाच लिपींत लिहिली गेली. रोमन अक्षर दिसलं की युरोपी भाषा, हा यंत्राचा ठोकताळा इथे पहिल्याच पायरीला आपटतो. गूगलच्या भाषांतरात कोंकणी आली ती २०२२ मध्ये. यंत्र शिकायचं तर त्या भाषेतला टाइप केलेला मजकूर भरपूर लागतो. ज्या भाषेचे कागद अजून पेट्यांतच आहेत तिच्या वाट्याला यंत्र उशिरा येतं, आणि यंत्र नाही म्हणून कागद पेट्यांतच राहतात.

मजकूर निघाला, पुढे काय? शोध. आणि मराठीत शोध म्हणजे विभक्ती. ‘म्हापसा’ असं शोधलं तर ‘म्हापशाला’, ‘म्हापशात’ निसटतात, ‘फोंडा’ शोधला तर ‘फोंड्याचा’ हुकतो. कारण प्रत्यय लागण्याआधी शब्दच रूप बदलतो. म्हणून भाषेची साधनं करणाऱ्यांना प्रत्यय सोलून मूळ शब्दापर्यंत जाणारं यंत्र वेगळं बनवावं लागतं. इंग्रजीत शेवटचा ‘एस’ काढला की बरंचसं काम भागतं. मराठीत ‘घरापासूनच्यांनासुद्धा’ असली आगगाडी एकेक डबा सोडवत आणावी लागते.

शिवाय गावांची दोन-दोन नावं. डिचोली पोर्तुगीज कागदात बिचोलीम, पेडणे पर्नेम, साष्टी साल्सेत, काणकोण कानाकोना. आडनावांचंही तसंच: कामतांचं कामोतीं, प्रभूंचं पोरोब. ही यादी कुठल्याही मोठ्या कंपनीच्या यंत्रात आपसूक येत नाही, कोणीतरी बसून करावी लागते. मला विचाराल तर गोव्यासाठी सगळ्यात उपयोगी भाषासाधन म्हणजे अशी एक चोख यादी. अगदी साधी, तीन रकान्यांची. तिच्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, दोन म्हातारे आणि एक वही लागते.

हाताचं अक्षर आणि गुळगुळीत चूक

छापील अक्षराचं हे झालं. हस्ताक्षर हा वेगळाच प्रांत. त्याची अडचण केनेथ सेअर यांनी १९७३ मध्ये नेमकी सांगितली: अक्षर ओळखायचं तर ते आधी शेजाऱ्यापासून तोडायला हवं, आणि तोडायचं तर ते कोणतं हे आधी ओळखायला हवं. नोटरीच्या कारकुनानं टाक न उचलता ओढलेली ओळ बघितली की हे पटतं. म्हणूनच ओळ न तोडता वाचणारी नवी रीत हस्तलिखितांना पावली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रूक विद्यापीठात वाढलेलं ट्रान्सक्रायबस हे साधन जगभरचे अभिलेखागारवाले वापरतात. त्याला एखादा हात शिकवायचा तर त्या हाताची काही डझन पानं माणसानं अचूक वाचून टाइप करून द्यायची. मग यंत्र तो हात शिकतं आणि पुढची शेकडो पानं वाचतं. मोडीसाठीही वाट मोकळी होते आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, त्याआधी मोडी ‘टाइप’ करणं हीच अडचण होती.

‘९८ टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली तर जरा हिशेब करा. पानावर दीड हजार अक्षरं असतील तर दोन टक्के म्हणजे तीस चुका. शब्द सरासरी पाच अक्षरांचा धरला तर साधारण दर दहावा शब्द चुकीचा. कादंबरी वाचायला चालेल. जमिनीच्या चतुःसीमा वाचायला नाही.

त्यातही चुकीची जात बदलली आहे. जुनी यंत्रं चुकली की ‘क्क॥र्र%’ असं काहीतरी ओकायची, चूक दुरून दिसायची. नवी मोठी भाषा-मॉडेलं, म्हणजे अफाट मजकूर वाचून शिकलेली यंत्रं, चित्र बघून थेट मजकूर लिहितात, आणि त्यांचं भाषाज्ञान इतकं दांडगं, की फाटलेल्या जागीही व्याकरणशुद्ध वाक्य बसवतात. जिथे कसरीचं भोक आहे तिथे ती भोक दाखवत नाहीत, तिथे शोभेल असा शब्द घालतात. वाचताना कुठे ठेच लागत नाही, म्हणून संशयही येत नाही.

तेव्हा घरचे कागद वाचून घ्यायचे असतील तर माझी पद्धत सांगतो. फोटो दिवसाच्या उजेडात, बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून काढा, फ्लॅश नको, आणि पान ओलीनं लाटांसारखं झालं असेल तर वर काच ठेवा, पण काचेवरची चमक टाळा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि अनुस्वार पहिले जातात. एकच पान दोन वेगळ्या साधनांना द्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे मूळ कागद बघा. नावं, आकडे आणि तारखा तर जुळल्या तरी बघा. आणि वारसाहक्काचे, जमिनीचे कागद कुठल्याही फुकट्या वेबसाइटवर चढवू नका. टेसरॅक्टसारखं साधन आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतं.

मावशीच्या दस्ताला मी तेच केलं. दुसऱ्या साधनानं तो शब्द वाचला, पण डोक्यावरचं चिन्ह दिलंच नाही. मग भिंग घेतलं. ‘ओ’च्या डोक्यावर रेघही नव्हती आणि टोपीही नव्हती, कसरीचं भोक होतं. पोर्तुगीजमध्ये ‘आपला’ आणि ‘आपली’ हे पुढच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलतात, ‘सेउ’ आणि ‘सुआ’. त्यावरून उलगडेल असं वाटलं. फोननं ‘सेउ’ वाचलं होतं. पण त्या कारकुनाच्या घाईत ‘सेउ’ आणि ‘सुआ’ सारखेच वळवळले होते. म्हणजे फोननं एक शब्द अंदाजानं पुल्लिंगी धरला आणि त्याच्याशी जुळावी म्हणून पुढच्या भोकावर स्वतःच टोपी चढवली.

शेवटी मी अख्खा उतारा मराठीत करून मावशीला वाचून दाखवायला लागलो. “...आपल्या आजोबांकडून, ज्या विधवा असून याच गावात राहत होत्या...” मावशीनं हात वर करून मला थांबवलं.

“आजो विधवा कसो जातलो मरे?”